खजूर, बोट आणि घाऊक भावातला चमत्कार

सवलतीच्या किराणा दुकानापुढे सकाळी आठलाच रांग लागली होती आणि रांगेतले बहुतेक लोक उपाशी होते. अटच तशी होती. महिन्यापूर्वी ज्यांनी 'साखरतोड' पावडरचा डबा नेला, त्यांच्या रक्ताची आज दुसरी तपासणी होती, तीही फुकट. भिंतीवर बऱ्या झालेल्यांचे फोटो लावले होते. प्रत्येकाखाली जुना आकडा लाल आणि नवा हिरवा. लाल आकड्यावर काट मारलेली, आत तांदळाच्या जुन्या किमतीवर मारली होती तशीच. पहिला डबा निम्म्या किमतीत, पुढचे अकरा पूर्ण किमतीत. रोग बरा करण्याचाही सेल लागतो, हा शोध या दुकानाच्या नऊ शाखांनी मिळून लावला होता.

रांगेत दादा होता. छापखान्यातून निवृत्त झालेला, डाव्या पायाच्या अंगठ्याला पट्टी बांधलेली. सोबत त्याची धाकटी बहीण. तिची तीस वर्षं रक्त तपासण्यात गेली, म्हणून सगळी गल्ली तिला सुईताई म्हणायची. दादानं महिनाभर डॉक्टरांच्या गोळ्या बंद ठेवल्या होत्या आणि अंगठ्याची जखम तीन आठवडे भरत नव्हती. काल तिनं घरच्या मशीनवर पाहिलं तर साखर दोनशे चाळीस. दादा मात्र खूश होता, कारण इथं पहिल्या दिवशी चारशे दहा निघाली होती.

"गोळ्या घेत होतास तेव्हा एकशे चाळीसच्या वर जात नव्हती, दादा."

"तुझी सुई तीस वर्षं नुसती टोचत आली," दादा म्हणाला. "यांची बरं करते."

हे तिला फार लागलं.

मॅनेजर पांढरा कोट घालून फिरत होता. तो डॉक्टर नव्हता, पण कोटाला कोण विचारतं? आम्ही औषध विकत नाही, निसर्ग विकतो आणि तोही घाऊक भावात, असं तो दर पाच मिनिटांनी सांगत होता. सुई टोचण्याआधी प्रत्येकाला कोमट पाण्यात तीनदा हात बुडवून पुसायला लावायचा. शरीर शुद्ध तर आकडा शुद्ध, म्हणे. मग आकडा उतरलेला निघायचा, नोकर टाळ्या वाजवायचे, फोटो निघायचा आणि पुढचा डबा पिशवीत पडायचा.

नव्या गिऱ्हाइकांचं टेबल पलीकडे होतं. तिथं पाण्याचं भांडं नव्हतं. तिथं ताटभर खजूर होता, मधात घोळवलेला. आधी तोंड गोड करा, मग वहीत सही करा, मग बोट पुढे करा. सुईताई बघायला म्हणून तिकडे गेली. कुणीतरी सहीसाठी पेन दिलं आणि ते तिच्या बोटांना चिकटलं.

तिनं पेनाकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. तीस वर्षं ती प्रत्येक पेशंटला सुईआधी एकच वाक्य सांगत आली होती. ते वाक्य इथं कुणीच म्हणत नव्हतं. तिला हसू आलं आणि संतापही आला.

ती खुर्चीवर बसली. डाव्या हातात एक खजूर घेतला, बोटांत चांगला चोळला, पण खाल्ला नाही. बोट पुढे केलं. तीनशे बारा.

"ताई, फार उशीर केलात," मॅनेजर हळहळला आणि त्यानं लगेच डबा काढला.

"थांबा जरा." ती उठून पलीकडच्या भांड्याशी गेली, दोन्ही हात धुतले, पुसले आणि परत आली. "आता उजवा बघा."

अठ्ठ्याण्णव.

मॅनेजर म्हणाला, मशीन तापलं असेल. दुसरं मशीन आणलं. त्यानं डाव्या हाताचं तेच बोट टोचलं. सत्त्याण्णव. रांग टेबलाभोवती गोळा झाली होती आणि आता टाळ्या वाजवायचं कुणाला सुचेना.

"पाच मिनिटांत बरी झाले, पावडर न खाता," सुईताई म्हणाली. "हे मशीन थेंबातली साखर मोजतं. ती रक्तातली की बोटावरच्या मधाची, ते त्याला कळत नाही. पहिल्या दिवशी तुमचा मध मोजला. आज धुतलेलं बोट मोजलं. मधे उतरला तो मध."

"सगळ्या शाखांत असंच करतात," मॅनेजर पुटपुटला. कंपनीचं पत्रकच तसं होतं.

दादा भिंतीवरच्या लाल आकड्यांकडे बघत होता. "म्हणजे मी चारशे दहा कधी नव्हतोच?"

"नव्हतास. पण दोनशे चाळीस आज आहेस आणि ते खरं आहे."

त्यानं पायाच्या पट्टीकडे पाहिलं आणि विचारलं, "गोळ्या आहेत का गं तुझ्याकडे?" महिनाभर त्या तिच्या पर्समध्येच होत्या. दोघं तिथून थेट डॉक्टरांकडे गेले. अंगठा वाचला, नख गेलं.

पुढच्या आठवड्यात दुकानानं खजुराचं ताट हलवलं आणि तिथं हात धुवायचा साबण मांडला, दोनवर एक फुकट. रांग पुन्हा लागली. तेव्हा वाचकहो, कुणी तुम्हाला आधीचा आणि नंतरचा आकडा दाखवून थक्क करू लागलं, तर नंतरच्या आकड्याला टाळ्या वाजवू नका. आधीचा कसा मोजला ते विचारा. आणि विश्वास ठेवण्यापूर्वी, सुईताई सांगायची तेवढं करा: आधी हात धुऊन या.