कळंब्याच्या बांधावरची परात

बनाबाईची लेक क्रांती समुद्र मोजते. म्हणजे विमानातून पाण्यावर लेसरचा झोत सोडायचा, परत येणाऱ्या उजेडावरून पाण्यातलं बारीक शेवाळ ओळखायचं आणि समुद्र हवेतला कार्बन किती गिळतो, किती माघारी सोडतो याचा अंदाज बांधायचा. बनाबाईला यातलं एकच पक्कं कळलं होतं. या कामापायी पोरगी कोचीनला गेली आणि दोन वर्षांत घरी फिरकली नाही. म्हशीसुद्धा सांजेला गोठ्याकडे वळतात, पोरीचं काय बिघडलं असतं?

आणि सोमवारी फोन आला. "आई, उद्या अकराला आमचं विमान कळंब्याच्या तळ्यावरनं जाणार हाय. यंत्राची चाचणी हाय."

"मग उतर की! भाकरी खाऊन जा."

"उतरत न्हाय गं. बांधावरनं सरळ पुढं."

"मी दिसंन का तुला?"

"वरनं माणूस कुठं दिसतंय? मी पडद्याकडं बघत असते. उजेड माघारी आला तरच कळतं आमाला."

एवढं बनाबाईला पुरलं. दुसऱ्या दिवशी तिनं धारा उरकल्या, मोठी परात राखेनं लख्ख घासली आणि दहालाच बांध गाठला. परातीत भाकरतुकडा होता. लेक दारात आली की ओवाळून टाकतात तो. आता लेक आभाळातूनच जाणार, तर बाईनं करावं काय? विमान दिसलं तसा तिनं तुकडा ओवाळून पाण्यात टाकला आणि परात दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. हात भरून आले तरी खाली घेतली नाही. विमान आलं तसं गेलं. बनाबाईला रडू फुटलं, आणि फिरायला आलेल्या चार माणसांसमोर तिनं ते खुशाल येऊ दिलं.

संध्याकाळी फोन वाजला. "आई, बांधावर काय धरून उभी हुतीस?"

"परात. का गं?"

"आमच्या नोंदीत भला मोठा ठिपका आलाय. सगळे डोकं खाजवायलेत."

बनाबाई चपापली. "माझ्यापायी मोजणी बिघडली व्हय?" मग हळूच म्हणाली, "तुला परत यावं लागंल न्हवं?"

"न्हाय आई. तेवढा ठिपका पुसायचा, झालं. मलाच सांगितलंय."

"पुसलास?"

"अजून न्हाय. दुपारपासनं त्याच्याकडंच बघत बसलीया."

बनाबाईनं डोळ्यांना पदर लावला.

"आजचा दिस ऱ्हाऊ दे की," ती म्हणाली.