अकरावी ताटली

"तिन्ही वर्षं 'नाही'च?" रामराव साहेबांनी कागद उलटत विचारलं.

वर्गाच्या शिक्षिका द्वारकाबाईंनी मान डोलावली. आष्टीच्या शाळेतला हा स्वमग्न मुलांचा वर्ग अनुदानावर चालायचा, आणि त्याचा उपयोग किती झाला ते मोजायला साहेब जालन्याहून आले होते. एकाही रकान्यात फरक दिसला नाही, तर जूनपासून वर्ग बंद. आठ पोरांच्या कागदांत तो दिसला नव्हता; हा शेवटचा कागद सलमाचा. त्यात 'घरच्यांना ओळखते का?' यापुढं 'नाही' बाईंनीच लिहिलं होतं. दुसरं काय लिहिणार? नऊ वर्षांची सलमा कुणाच्या तोंडाकडे बघतच नव्हती, बोलणं तर लांबच.

तिची आई अनवरी कापूस वेचणीचा खाडा करून पहिल्यांदाच शाळेत आली होती. साहेबांना बुजून ती कपाटाआड बसली होती. तिथूनच तिनं हळूच विचारलं, "बाई, खरं सांगा. मला तरी वळखती का वो ती?"

तेवढ्यात खिचडी आली.

ताटल्या मांडायचं काम सलमाचं. अंगणातून येताना ती रोजच्यासारखी दाराबाहेरच्या चपलांपाशी उकिडवी बसली, एकेक जोड बोटानं शिवत. या खोडीपायी बाई तिला रोज ओढून आणायच्या. आज साहेबांपुढं त्यांनी तिला बसू दिलं. साहेब मात्र बूट घालूनच आत बसले होते.

पोरं नऊ, दहाव्या बाई. सलमानं ताटल्या मांडल्या अकरा. झालं, चुकायचं तेही नेमकं आजच! बाई जास्तीची ताटली उचलायला गेल्या, तर सलमानं ती दोन्ही हातांनी दाबून धरली. आपल्याच ताटलीला खेटून मांडली होती तिनं.

बाई दाराशी जाऊन चपला मोजू लागल्या. जोड अकरा होते. अकराव्याचा पट्टा तारेनं बांधलेला होता. अनवरीचा. आणि कपाटाआडची आई सलमाला दिसली नव्हती, ती आली आहे हे कुणी सांगितलंही नव्हतं.

तीन वर्षांत गैरहजर पोराची ताटली एकदाही मांडली गेली नव्हती. पोरगी सगळ्यांना चपलांवरून ओळखत होती, आणि आपण तिला तिथूनच ओढून आणत होतो!

"साहेब, चूक माझी हाय. पोरीची न्हाई. आईला तिनं चपलेवरून वळखलं."

साहेबांनी पेन उघडलं. "नजरेला नजर दिली तरच 'हो' मोजायचं, असा नियम हाय बाई," ते म्हणाले आणि त्यांनी 'नाही' लिहिलं. जूनमध्ये वर्ग बंद झाला.

त्या तपासणीच्या दिवशी मात्र अनवरी कपाटाआडून आली आणि त्या ताटलीपुढं बसली. सलमा भिंतीकडे बघत जेवत होती. अनवरीनं तिला हाक मारली नाही. तिनंही भिंतीकडे तोंड केलं आणि पहिला घास घेतला.