खाते दुसरीकडे वापरात आहे

मी लिफ्ट दुरुस्त करतो. लोकांना माझी आठवण फक्त अडकल्यावर येते, आणि दार उघडलं की आभार मानायच्या आत ते जिन्याने खाली पळतात. माझी तक्रार नाही. बडबड्या माणसांचा मला तसाही कंटाळा आहे. पण एका माणसाची बडबड मला हवी होती आणि नेमकी तीच बंद पडली.

ती माझी धाकटी बहीण. लग्नानंतर लांबच्या शहरात गेली, विमानानेच जावं लागेल इतक्या लांब. आमची आई मधला दुवा होती. तिचं मला सांगायची, माझं तिला. आई गेली आणि तिची खोली आवरताना आमच्या दोघांत शब्दाने शब्द वाढला. मी न विचारता कपाट रिकामं केलं, असं तिचं म्हणणं. तू वेळेवर आलीच नाहीस, असं माझं. चूक तिची होती. माझीही होती, पण तिची जास्त. त्यानंतर ना तिने फोन केला ना मी. हट्टीपणात दोघं एकाच माळेचे मणी.

तरी तिची खबर मला लागायची. आम्ही कॉलेजात असताना एका ऑनलाइन दुकानात दोघांत मिळून एक खातं उघडलं होतं आणि आळीपाळीने व्हिडिओ खेळ विकत घेत गेलो होतो. लग्न होऊन गेली तेव्हा तिने तिकडे खेळायचं आपलं वेगळं यंत्र घेतलं, खातं मात्र एकच राहिलं. गोम अशी, की एका वेळी एकालाच खेळता येई. मी खेळातली होडी हाकत असायचो, किनारा हाताशी आलेला असायचा, आणि मध्येच पडदा काळा होऊन अक्षरं यायची : हे खाते दुसऱ्या यंत्रावर वापरात आहे. म्हणजे तिकडे बाईसाहेब येऊन बसल्या आणि मी बाहेर.

भांडणानंतर पहिल्यांदा असं झालं तेव्हा माझं डोकंच फिरलं. पासवर्ड बदलून टाकावा असं वाटलं. मग लक्षात आलं, ती खेळायला बसली आहे म्हणजे कामावरून घरी आली आहे, पोटात काहीतरी गेलं आहे, पाय वर घेऊन बसण्याइतकी बरी आहे. मी पासवर्ड बदलला नाही. तिनेही बदलला नाही. भांडलो होतो, पण दाराला कुलूप लावलं नव्हतं.

पुढे मी त्या निरोपाची वाटच पाहायला लागलो. मध्ये एकदा ती कितीतरी दिवस आली नाही. मी जेवताना खेळ नुसता चालू ठेवायचो, कोणी बाहेर काढतंय का बघत. आजारी असेल का, असेल तर जवळ कोण असेल, हे विचारायचं कोणाला? मग एका संध्याकाळी पडदा काळा झाला आणि मला इतकं हायसं वाटलं, की त्या दिवशी मी शेजाऱ्यांशीही दोन शब्द बोललो.

आणि आता दुकानच बंद व्हायचं होतं. तशी सूचना आली. घेतलेले सगळे खेळ त्याआधी यंत्रात उतरवून घ्या. पण पुढे ते एकाच यंत्रावर चालतील, ज्याची मुख्य यंत्र म्हणून नोंद असेल त्यावर. मी मदत केंद्राला फोन लावला. तिथली बाई फार गोड बोलली. दोन यंत्रांवर चालणार नाहीत का? नाही. दुसऱ्या यंत्राचा निरोप येणार का? त्याची आता गरजच पडणार नाही, तुमच्या खेळात अडथळा येणार नाही, असं ती आनंदाने म्हणाली. तो अडथळाच मला हवा होता, हे तिला कसं सांगणार?

शेवटच्या दिवशी मी दुपारीच घरी आलो. खेळ आधीच उतरवून ठेवले होते. संध्याकाळी सहाला दुकान बंद होणार होतं. खात्याच्या पानावर दोन यंत्रं होती, तिनेच कधीकाळी नावं दिलेली : दादा आणि छोटी. मुख्य यंत्राची खूण 'दादा'समोर होती. मी मनाशी ठरवलं होतं. ती परक्या गावात आहे, तिला विरंगुळा हवा. मी खूण 'छोटी'वर नेली आणि चहा ठेवायला उठलो.

परत येऊन पाहतो तर खूण 'दादा'वर.

मला वाटलं, आपल्याच हातून काही चुकलं. पुन्हा 'छोटी' केलं. थोड्या वेळाने पुन्हा 'दादा'. तेव्हा ट्यूब पेटली. तिकडे तीही पानासमोर बसली होती.

लहानपणी आमचं हेच चालायचं. ताटलीत शेवटचा तुकडा उरला की तू घे, नाही तू घे, करत आम्ही ताटली एकमेकांकडे सरकवायचो. शेवटी आई तो उचलून स्वतःच्या तोंडात टाकायची आणि म्हणायची, "बसा आता बोंबलत."

मी 'छोटी' केलं. तिने 'दादा' केलं. मी एकटाच हसत होतो. इतक्या वर्षांत आम्ही एवढं बोललो नव्हतो. आता फोन करावा, असं एकदा मनात आलं, पण खेळ रंगात आला होता. म्हटलं, दुकान बंद झालं की करू; घाई काय आहे? चहा कधीच गार झाला होता. सहा वाजायला काही क्षणच उरले तेव्हा मी घाईघाईने 'छोटी' केलं, आणि लगेच ते पुन्हा 'दादा' झालं. मी बोट पुढे केलं तोवर पानच गेलं. दुकान बंद झालं होतं. शेवटचा तुकडा उचलायला या वेळी आई नव्हती.

खेळ माझे झाले, सगळेच्या सगळे.

मी फोन घेतला, तिचा नंबर लावला. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. आधी थोडं रागवायचं, नेहमीसारखं. पलीकडून रेकॉर्ड केलेला आवाज आला, की हा क्रमांक आता अस्तित्वात नाही. मी पुन्हा लावला. तोच आवाज. तिने नंबर कधी बदलला कोणास ठाऊक. असलं काही मला सांगायची ती आईच, आणि ती आता नव्हती. आता छोटी बरी आहे का ते मला कळणार नाही, आणि मी आहे की नाही ते तिला.

माझा नंबर मात्र तोच आहे. आई असल्यापासून तोच.

मी होडी सुरू केली. ती किनाऱ्याला लागली, परत निघाली, पुन्हा लागली. कोणी बाहेर काढलं नाही. फोन मी शेजारी ठेवला होता आणि खेळाचा आवाज पूर्ण बंद केला होता. वाजला तर ऐकू यावा म्हणून.