नवनाथची साडेसाती आमच्या दारात

कुत्र्यांवर माझा राग न्हाय. कुत्रं हाय ते, भुंकणार, चावणार. माझा राग हाय आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या नवनाथवर, आणि तो मी मनात ठेवणारी बाई न्हाय.

आमच्या मालकांना, हरिदासरावांना, शुगर हाय. डॉक्टरनं बजावलंय, रोज सकाळी चाला, न्हायतर पायावर बेतंल. आता आमच्या दारापुढच्या कोपऱ्यावर कुत्र्यांची टोळी बसलेली. ती दिसली की मालक लागले पळायला! किती येळा सांगितलं, "पळू नगा वो. हुबं राहा, काठी म्होरं धरा, त्यांच्या डोळ्यांत बघू नगा, हळूहळू मागं सरा." ऐकतील तर शपथ! शेवटी एका सकाळी पळाले, आणि त्या काळ्या कुत्र्यानं पोटरीचा लचका तोडला.

शेजारची चंद्रव्वा मिरचीपूड घेऊन धावली. "चोळ गं, इष उतरतंय." मी तिला हाकललं. पाय नळाखाली धरला, साबणानं चांगला धुतला आणि रिक्षा करून सरकारी दवाखाना गाठला. सुया झाल्या, जखमही भरत आली. पण मालक उंबरा ओलांडीनात. मी हात जोडले, भांडले, रडले. त्यांचं एकच, "बाहीर कुत्री हायत." शुगर परत चढली आणि डॉक्टर माझ्यावरच खेकसला.

परवा शनिवारी अंगण झाडत हुते, तर कोपऱ्यावर नवनाथ. हातात डबा, आणि कुत्र्यांना चपाती घालतोय.

"काय रं, तूच घालतोस व्हय ह्यांना?"

"पुण्याचं काम हाय काकू. साडेसाती चालूय माजी. महाराजांनी सांगितलंय, काळ्या कुत्र्याला तेल लावलेली चपाती घाल म्हणून."

"मग तुझ्या दारात घाल की!"

"आपल्या दारात चालत न्हाय. पीडा घरात परत येती. दुसऱ्याच्या हद्दीत घालावी लागती."

बोलला आणि जीभ चावली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरं मुडद्या! तुझी पीडा माझ्या दारात आणून टाकतोस? तुझ्या शनीपायी माझ्या माणसाचा पाय घेणार हाईस व्हय?"

मी डबा हिसकावला आणि निघाले त्याच्या घराकडं. तेलाच्या वासानं सगळी टोळी माझ्या लुगड्याला लागली, गुरगुरायला लागली. भ्या वाटलं, खोटं कशाला बोलू? पण पाऊल घाईनं टाकलं न्हाय. मागनं नवनाथ ओरडतोय, "काकू, नगा!" तेवढ्यात त्याची आई येसूबाई पायरीवर आली.

"गोजाबाई, हितं नगं गं ठेवूस! आमची ऋतुजा ह्याच वाटंनं शाळंला जाती. चावतील की तिला!"

म्हंजे ठाऊक हुतं. सगळ्या घराला ठाऊक हुतं! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. त्यांची नात ती नात, आणि माझा नवरा काय उकिरड्यावर सापडलाय? मी वाकले आणि डब्याचं झाकण काढलं.

"गोजा, थांब."

वळून बघते तर मालक. अंगात बनियन, पायात चप्पल न्हाय, हातात आमच्या दाराचा अडसर. दोन कुत्री त्यांच्यावर दात काढत हुती. मालकांनी अडसर म्होरं धरला, पण पळाले न्हाईत. तसेच एक एक पाऊल टाकत माझ्यापाशी आले.

"पोरीची वाट हाय ती. नगं ठेवू."

"आणि तुमी कसं आलात बाहीर? मी एवढे हात जोडले तवा न्हाय आलात ते!"

"तू एकटीच कुत्र्यांत गेलीस की."

डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही मला रागच आला. झाकण लावलं आणि डबा नवनाथच्या छातीवर आदळला.

"ही चपाती माळावर नेऊन घाल, माणूस फिरकत न्हाय तितं. आणि उद्या सकाळी काठी घेऊन माझ्या दारात हुबं राहायचं. ह्यांना रोज तू फिरवून आणायचं. कुत्रं अंगावर आलं तर तू म्होरं व्हायचं. चावायचंच असंल तर आधी तुला चावू दे."

नवनाथ आईच्या तोंडाकडं बघायला लागला.

"तिच्याकडं काय बघतोस?" मी म्हणलं. "व्हय म्हण."