स्नायूंना विश्रांती

अरहमच्या वेळेस मला साखर निघाली, ती बाळंतपणानंतरही पुरती गेली नाही. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी केली तर सहा पॉइंट दोन आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इफ्फत, गोळ्या इतक्यात नको. पण रोज अर्धा तास घाम येईल असं काहीतरी कर, ऑक्टोबरात पुन्हा बघू. तेव्हा वाढलेली असली तर मात्र गोळ्या. माझ्या अम्मीचंही असंच गोळ्यांपासून सुरू झालं होतं. आज तळेगावला ती इन्सुलिन टोचून घेते आणि तिच्या डाव्या पायाला तीनच बोटं आहेत. मांडीवर चार महिन्यांचं पोर घेऊन मी ते सगळं ऐकत होते, आणि मनात एकच होतं, ह्याच्या मागे धावायला मला दोन्ही पाय लागतील.

पण अर्धा तास काढायचा कुठून? पाऊस तोंडावर आला होता. लोणावळ्यात जूनपासून चार महिने बाहेर फिरायला जाणं म्हणजे एका बाजूला पाऊस आणि दुसऱ्या बाजूला पावसाला बघायला आलेल्यांच्या गाड्या. त्यात कडेवर अरहम. इब्राहिमने दोन रात्री मोबाइलवर कायकाय बघितलं आणि तिसऱ्या दिवशी एक चपटा खोका घेऊन जिना चढला. आत छोटं ट्रॅम्पोलिन होतं. माझ्या दोन हातांच्या मिठीत मावेल एवढं गोल, मधे काळी जाळी, सहा पाय. हॉलमध्ये फतकल मारून त्याने एकेक स्प्रिंग ओढून बसवली. एकीत त्याचं बोट चेंगरलं, तर मला फुंकर मारायला लावली. मग समोर उभा राहून माझे दोन्ही हात धरले आणि अगदी मास्तरासारखा म्हणाला, उंच उडायचं नाही, टाचेने नुसतं दाबायचं, पोट आत. मी हसतच सुटले. पाळण्यातून अरहम आमच्याकडे बघत होता.

एका पायाची ठकठक ऐकू येते असं खालच्या मजल्यावरचे म्हणाले, तेव्हा त्या पायाला मी माझ्या जुन्या हिरव्या फुलाफुलांच्या ड्रेसचा तुकडा गुंडाळून शिवून टाकला.

दुपारी सव्वाच्या सुमारास अरहम झोपायचा. मी ओढणी कमरेला बांधायची, इब्राहिमचा जुना टीशर्ट घालायची आणि सुरू व्हायची. स्प्रिंगांचा कुईंकुईं आवाज यायचा. पहिले काही दिवस वाटायचं, आता उठेल, आता उठेल. मग उलटंच झालं. त्याला त्या आवाजातच झोप लागायला लागली. मी थांबले की डोळे उघडायचा. म्हणजे दम लागला तरी थांबायची सोय नाही. ती पंचवीस मिनिटं माझी होती. त्या वेळात मला कुणी पीत नव्हतं, ओढत नव्हतं, हाक मारत नव्हतं. खिडकीतून समोरच्या पत्र्यावरचा पाऊस दिसायचा आणि मी जागच्या जागी धावत कुठेतरी लांब जाऊन यायची.

इब्राहिम तीन बंगले सांभाळतो. मालक मुंबईला, शनिवार-रविवार ते भाड्याने द्यायचे, फोन घ्यायचे, गाद्या-जेवणाची सोय बघायची, हे त्याचं काम. पहिल्याच आठवड्यात शुक्रवारी नमाजहून आला आणि ट्रॅम्पोलिनचे पाय दुमडायला लागला. मी विचारलं तर म्हणाला, दोन दिवस हॉल मोकळा राहू दे, कोणी येतं-जातं. खाली गाडीत ठेवतो, सोमवारी आणतो. शिवाय आठवड्यातले दोन दिवस स्नायूंना विश्रांती द्यावीच लागते, सगळे ट्रेनर सांगतात. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आमच्या घरात बायकांच्या स्नायूंचा विचार कधी कुणी केला होता? मी अम्मीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, नशीब काढलंस गं.

दर शुक्रवारी तो ते घेऊन जायचा, दर सोमवारी आणायचा. एवढं जड घेऊन दोन मजले उतरायचं आणि चढायचं, कुरकुर नाही. मी त्याच्यासाठी लिंबाचं सरबत करून ठेवायची.

जुलैत एका सोमवारी जाळीवर उभी राहिले तर पायाखाली वेगळंच लागलं. जाळी खोल गेली. दाबलं तर टाच फरशीला लागते की काय असं वाटलं, आणि कुईंकुईं ऐवजी नुसती खरखर. मी खाली उतरले, पुन्हा चढले. तेच. संध्याकाळी इब्राहिमला विचारलं, जाळी खाली गेलीय का रे? त्याने वाकून हात फिरवला, बराच वेळ फिरवला, आणि म्हणाला, "नाही गं. ठीक तर आहे."

मग मीच म्हणाले, म्हणजे माझंच वजन वाढलंय.

माझ्या पाठीवर हात ठेवून तो म्हणाला, "होईल कमी. हळूहळू."

घरात वजनकाटा नव्हता, आणि केमिस्टच्या काट्यावर चारचौघांत उभं राहायची मला लाज वाटत होती. पण काटा कशाला हवा होता, रोज दुपारी जाळी सांगतच होती. मी भाकरी अर्धी केली. मग भात सोडला. इब्राहिम समोर जेवायला असायचा, माझ्या ताटातली अर्धी भाकरी बघायचा आणि म्हणायचा, खाऊन घे गं, एवढं काय. मी म्हणायची, नको, तूच बघ ना जाळी कशी वाकते. तो मान खाली घालून रस्सा कालवायचा. मला वाटायचं, माझी काळजी करतोय, म्हणून त्याच्याने बोलवत नाही.

ऑगस्टच्या शेवटी एकदा कुकर उतरवताना घेरी आली. ओट्याला धरून राहिले. सप्टेंबरात अरहम पिता पिता तोंड सोडून रडायला लागला. मी ह्या बाजूला घेतलं, त्या बाजूला घेतलं. तो माझ्याकडे असा बघायचा, जसं मी काहीतरी लपवून ठेवलंय. पंधरा दिवसांत माझं दूध गेलं. आठ महिन्यांचा होता. इब्राहिम त्याच दिवशी पावडरचा डबा घेऊन आला, पाणी स्वतः उकळलं, चमच्याने मोजून बाटली केली. अरहमने पहिल्यांदा बाटली गटागटा संपवली तेव्हा तो मला म्हणाला, बघ, घेतो की. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी तो नमाजला गेला होता. बुकिंगचा फोन तेव्हा माझ्याकडे असतो. नेहमीची उत्तरं मला पाठ आहेत: बारानंतर या, नाश्ता आहे, मोठा आवाज दहापर्यंतच. अपूर्वा नावाच्या एका बाईचा निरोप आला. उद्या आम्ही पुन्हा येतोय. गेल्या वेळी मुलीला ट्रॅम्पोलिन इतकं आवडलं की सारखी तेच विचारतेय, ह्याही वेळी असेल ना? खाली फोटो होता. इब्राहिमच्या औंढे गावाकडच्या बंगल्याची हिरवळ, आणि त्यावर हवेत उडालेली दोन वेण्यांची मुलगी. तिच्या खालच्या ट्रॅम्पोलिनच्या एका पायाला हिरव्या फुलाफुलांचा तुकडा.

मी फोटो मोठा करून शिवण बघितली. माझीच होती, घाईत घातलेली, शेवटचे तीन टाके तिरके.

मी उत्तर लिहिलं: हो, असेल.

इब्राहिम आला. पाय दुमडले, ट्रॅम्पोलिन बगलेत घेतलं आणि जाताजाता म्हणाला, दोन दिवस आराम कर हं. मी दार धरून उभी राहिले. त्याची पावलं दोन्ही मजले उतरून गाडीपर्यंत जाईस्तोवर ऐकली.

शनिवारी दुपारी अरहमला घेऊन रिक्षाने तिकडे गेले. पाहुणे लोहगड बघायला गेले होते. हिरवळीवर ते मांडलेलं होतं. बंगल्याचे राखणदार श्रीपतीभाऊ औंढ्याचे, पन्नाशीचे. त्यांनी मला खुर्ची दिली, अरहमच्या गालाला बोट लावलं आणि म्हणाले, धनी न्हाई आलं? मी म्हटलं, सहज आले. आणि चप्पल काढून त्या जाळीकडे निघाले.

"वयनी, त्याच्यावर नगा चढू," ते मागून म्हणाले. "पोरंबिरं ठीक हाईत. मोठ्या माणसाला ती आता न्हाई झेपायची. ढिली झालीया."

मी विचारलं, कधीपासून?

"जुलैत न्हाई का ती मुंबईची पोरं आलती. सा जणं एकदम चढली, हितं, माज्या डोळ्यांदेखत. पिऊन तर्र. कडाकडा वाजलं. म्या त्याच सांच्याला इब्राहिमभाऊंला फोन केला. आलं, बघितलं, म्हणलं ऱ्हाऊ द्या, चालतंय." मग माझा चेहरा बघून थांबले. "भाऊ म्हणलं, वयनी आता ते वापरत न्हाईत. तुमीच दिलंय बंगल्याला, असं म्हणलं. व्हय ना?"

मी म्हटलं, व्हय.

दुसरं काय म्हणणार? त्यांनी चहा आणला. मी तो प्याले. पुढे वाकून जाळीवर तळहात ठेवला, ऊन लागून गरम झाली होती. सहा माणसं. तीन महिने रोज दुपारी त्या सहा माणसांचं वजन मी माझं म्हणून अंगावर घेतलं होतं.

इब्राहिम चारला घरी आला. मी सांगितलं, बंगल्यावर जाऊन आले. तो आधी हसला. त्याला वाटलं, माझा राग वस्तूपुरताच आहे. अगं, दोन दिवसांचं तर असतं, फोटोत असलं की मुलांवाले लोक आधी आपलाच बंगला धरतात, सांगणारच होतो, तू उगीच नाराज झाली असतीस. नवं आणतो, ह्याहून मोठं. तो बोलत राहिला आणि मी थांबले. त्याचं संपल्यावर विचारलं.

"सहा जण चढले ते तुला त्याच दिवशी कळलं होतं?"

अरहम त्याच्या पायाला धरून उभा राहायला बघत होता. त्याने त्याला उचलून घेतलं, बहुतेक हाताला काहीतरी हवं म्हणून.

"हो," म्हणाला.

"आणि सोमवारी मी विचारलं तेव्हा तू हात फिरवून सांगितलंस, ठीक आहे."

"इफ्फत, मी सांगणारच होतो. पण तू स्वतःच म्हणालीस की वजन वाढलंय. मी तसं म्हणालो नव्हतो. मग ते राहूनच गेलं."

"मी अर्धी भाकरी खात होते, तेव्हा तू समोर बसला होतास."

"मी खा म्हणत होतो ना."

हे मात्र खरं होतं. तो खा म्हणत होता. मी त्याच्या कडेवरच्या अरहमकडे बघितलं, त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात पावडरच्या दुधाचा पांढरा थर वाळला होता. तो पुसायला हात पुढे केला, तर इब्राहिमला वाटलं मी त्याच्याकडे आले. त्याने माझा खांदा धरला. मी तोंड पुसलं आणि मूल घेऊन आत गेले. दुधाचं मी काही बोललेच नाही. बोलले असते तर तो रडला असता, आणि मग मलाच त्याला समजवावं लागलं असतं.

सोमवारी नवं ट्रॅम्पोलिन आलं. त्यानेच बसवलं, ह्या वेळी एकटा, दाराकडे पाठ करून. शुक्रवारी त्याने त्याला हात लावला नाही. शनिवारी दुपारी मी पहिल्यांदा त्यावर चढले तेव्हा जाळीने मला असं वर फेकलं की मी भिंत धरली. त्याने खोलीतून डोकावून बघितलं. म्हणाला, "खरंच कमी झालीयस गं तू." झालेही असेन. पण मला ते पटलं नाही, आणि पटलं नाही हेच जास्त लागलं.

पूर्ण भाकरी पुन्हा सुरू केली. दूध काही आलं नाही.

महिना संपता संपता तपासणीची वेळ आली. तो म्हणाला, मी येतो बरोबर. मी म्हटलं, अरहमला सांभाळ. सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलीने जुनी नोंद काढली. रिपोर्ट ह्याच नंबरवर पाठवू ना, म्हणून तिने इब्राहिमचा नंबर वाचून दाखवला. मी म्हटलं, नाही, तो काढा, आणि माझा दिला.

दुपारी अरहमला झोपवत होते तेव्हा फोन थरथरला. पाच पॉइंट नऊ. मी आकडा दोनदा वाचला, मग अरहमच्या कानाशी तोंड नेऊन त्याला सांगितला. तो झोपेत ओठ हलवत होता, जसं अजून पितोय.

एवढ्यात इब्राहिमचा फोन आला. बंगल्यावर होता, मागे कुठेतरी पंप चालू होता. त्याने जरा भीतभीतच विचारलं, "रिपोर्ट आला का गं?"

मी म्हटलं, "नाही अजून. उद्या देतो म्हणाले."

तो म्हणाला बरं, काळजी करू नकोस, चांगलाच येईल. मीही बरं म्हटलं. आवाज अजिबात हलला नाही.