पाटी डोंगरावर गेली तो दिवस

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी एक कापडी कॅलेंडर टांगलेलं आहे. प्रत्येक तारखेला एक पारदर्शक खिसा आणि प्रत्येक खिशात कोतोहाच्या औषधाच्या दोन पुड्या, एक सकाळची, एक संध्याकाळची. पावडर गुलाबी, वास स्ट्रॉबेरीचा, चव कडूजहर. कोतोहा पाच वर्षांची आहे. दह्यात कालवलेली पुडी तोंडात घेताना ती डोळे घट्ट मिटते, गिळते आणि दोन्ही हात वर करून ओरडते, "झालं!" या पुड्यांमुळे गेल्या चौदा महिन्यांत तिला एकदाही फिट आली नव्हती. त्याआधीच्या दिवसांबद्दल मी कुणाशी बोलत नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी औषधाच्या दुकानात ओकिमोतोंनी महिन्याऐवजी चौदाच दिवसांच्या पुड्या समोर ठेवल्या आणि ते कमरेत इतके वाकले की त्यांच्या डोक्यावरचं टक्कल मी पहिल्यांदाच पाहिलं.

"माफ करा, बाई. कंपनीकडूनच माल येत नाहीये. नवीन कधी येणार ते घाऊकवाल्यांनाही सांगता येईना."

"मग दुसरं एखादं औषध?"

"डॉक्टरांशी बोललो. दुसऱ्याने तिच्या अंगावर पुरळ उठलं होतं. तिसरं सुरू करायचं तर हे हळूहळू कमी करत, ते हळूहळू वाढवत न्यावं लागतं. त्यात महिना-दीड महिना जातो आणि तोवर हे हवंच. एकदम बंद करायचं नाही, बाई. एक दिवससुद्धा नाही."

ओकिमोतोंनी ओळखीच्या सगळ्या दुकानांना विचारून पाहिलं होतं. "कुठल्या तरी बेटावर, लहानशा दुकानाच्या कपाटात मागे या पावडरची एखादी बाटली असेलही," ते म्हणाले. "दुकान दुकानाला देऊ शकतं, ते कागद मी बघतो. पण आहे कुठे, तेच कळायला हवं."

घरी येताना बस थांब्यावर आमच्या गल्लीतली तीन म्हातारी माणसं उभी होती. तिघांच्या हातात औषधांच्या पिशव्या, आणि तिन्हींवर वेगवेगळ्या दुकानांची नावं. कुणी गुडघ्यांसाठी पुलापलीकडच्या शहरात जातं, कुणी डोळ्यांसाठी बोटीने पलीकडच्या बेटावर. तेव्हा मला फिरती पाटी आठवली.

आमच्या गल्लीत आमचं सोडून बारा घरं. पाटी म्हणजे जाड पुठ्ठा, वर चिमटा, चिमट्यात नगरपालिकेचे कागद. वाचायचं, आपल्या घराच्या चौकटीत शिक्का मारायचा आणि पाटी पुढच्या दारात ठेवायची. एरवी ती चार दिवसांत फिरून येते. संत्र्यांच्या तोडणीत मात्र सगळे उजाडल्यापासून डोंगरावर असतात आणि पाटी रखडते. सातव्या घरचे कुवाबारा काका तर ती फ्रिजवर ठेवून विसरतात. हे साऱ्या गल्लीला माहीत आहे. त्यांच्यासमोर फक्त कुणी बोलत नाही.

कोतोहा दुपारी झोपली तेव्हा मी पत्र लिहायला बसले. भर तोडणीत लोकांना त्रास द्यायचा म्हणजे जिवावर आलं होतं. चार कागद फाडले. पाचवा जमला. टेकडी संत्र्यांनी पिवळी झाल्याचं आधी लिहिलं, मग सर्वांच्या प्रकृतीची चौकशी, मग इतक्या गडबडीत असा मजकूर पुढे आणताना किती संकोच वाटतो ते. औषधाचं नाव चौथ्या परिच्छेदात आलं. तेही असं, की आपण कधी सहजच, मुद्दाम नव्हे, आपल्या औषधाच्या दुकानात गेलात आणि बोलण्याच्या ओघात विषय निघालाच, तर.

माझा नवरा रेइजी जहाजाच्या कारखान्यात जोडकाम करतो. त्याने आल्या आल्या पत्र वाचलं. "छान आहे," म्हणाला. "माझ्या साहेबांच्या निरोप समारंभाला चाललं असतं."

मला राग आला. पण मी तेच पाटीला लावलं.

पाटी परत आली ती आठव्या दिवशी सकाळी. बारा चौकटी, बारा लाल शिक्के, एकही तिरका नाही. उत्तर मात्र कुणाचंच नाही. मी कॅलेंडरकडे पाहिलं. सहा खिसे भरलेले होते. बाकी सगळे रिकामे.

पाटी घेऊन मुरोता आजी आल्या होत्या. वय एक्याऐंशी, पायांत मळ्याचे बूट, यंदा गल्लीच्या प्रमुख. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"मिफुयु, हा कागद तू लावलास?"

"हो आजी. माफ करा, तोडणीच्या दिवसांत..."

"मी दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, बालवाडीत काही कार्यक्रम आहे. दुसऱ्यांदा वाटलं, कुणीतरी गेलं."

"नाही हो!"

"मग आहे काय? एका वाक्यात सांग. मधे टेकडी आणायची नाही."

"कोतोहाचं फिटचं औषध सहा दिवसांत संपतंय आणि कुठेच मिळत नाहीये," मी म्हणाले.

आजी पायरीवर बसल्या.

"म्हणजे बारा घरांनी पोरीच्या औषधावर शिक्के मारले आणि संत्री तोडायला गेली. त्यांत पहिला शिक्का माझा." त्यांनी गुडघ्यावर हात आपटला. "आणि तू गं! कुणाला त्रास नको, कुणाला त्रास नको. तिला फिट आली तर आम्हांला त्रास नाही का होणार? आण काहीतरी लिहायला. जाड आण."

कोतोहाने तिचा लाल स्केचपेन आणून दिला. आजींनी माझं पत्र उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहिलं:

'कोतोहाचं फिटचं औषध सहा दिवसांत संपेल. आत्ता आपापल्या औषधवाल्याला फोन करा. सापडलं तर ओकिमोतोंना कळवा. घरातल्या गोळ्या आणून देऊ नका. पाटी कुणीही ठेवून घ्यायची नाही.'

खाली औषधाचं नाव, माझ्याकडून दोनदा तपासून घेतलेलं, आणि बारा नव्या चौकटी. शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा.

"आजी, कुवाबारा काकांना वाईट वाटेल."

"वाटू दे. सहा दिवस आहेत, वाटून घेतील."

त्या घरोघरी गेल्याच नाहीत. घरात होतंच कोण? आमच्या डोंगरावर फळांच्या पेट्या खाली आणायला एकरुळी गाडी आहे, एकाच रुळावरून खटखट करत उतार चढते-उतरते. आजींनी एका रिकाम्या पेटीत पाटी बांधली, यंत्राची दोरी ओढली आणि वर बघून आरोळी दिली, "संत्री राहू द्या! आधी वाचा!"

कोतोहाला कडेवर घेऊन मी खाली उभी होते. गाडी पहिल्या टप्प्यावर थांबली. एक टोपी झाडांतून वर आली, पेटीवर वाकली आणि मग तो माणूस कानाला फोन लावून ताठ उभा राहिला. गाडी पुढे सरकली. दुसरी टोपी. तिसरी. थोड्या वेळाने सगळ्या डोंगरावर पिवळ्या झाडांमधून माणसं उभी होती आणि प्रत्येकाचा हात कानाशी होता.

"आई, सगळे कुणाशी बोलतायत?" कोतोहाने विचारलं.

"तुझ्याबद्दल बोलतायत."

"मी काही केलं नाही," ती घाईने म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीआधी पाटी खाली आली. शिक्के डोंगरावर कोण नेणार? चौकटींत मातीने माखलेले अंगठे उमटले होते आणि कडेला जिथे जागा मिळेल तिथे लिहिलेलं होतं. 'पुलाजवळचं दुकान: नाही.' 'सुनेने शहरात तीन ठिकाणी विचारलं. नाही, नाही, उद्या सांगतो.' 'माझा औषधवाला त्याच्या भावाला विचारतोय.' अकरा अंगठे. सातवी चौकट कोरी.

"हा माणूस!" आजी दात-ओठ खात म्हणाल्या. "डोंगरावर फ्रिज नाही, तरी याने..."

तेवढ्यात वरून दगड घरंगळल्यासारखा आवाज आला. कुवाबारा काका उतारावरून पळत येत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, कमरेला तोडणीची कात्री लटकतेय, टोपी कधीच मागे पडलेली.

"आहे!" ते लांबूनच ओरडले. "आहे, आहे! दोन बाटल्या!"

"कुठे?"

"माझे डोळ्यांचे थेंब देणारी बाई, पलीकडच्या बेटावर, धक्क्याजवळ. अहो, बहिरी आहे ती! औषधाचं नाव नऊ वेळा सांगितलं. मग म्हणाली, थांबा, शिडी आणते. मी थांबलो. शिडी आणायला गेली ती गेलीच!" त्यांना धाप लागली होती. "सील न फोडलेल्या आहेत. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालतील. ज्या मुलीसाठी मागवल्या होत्या ती मोठी झाली, आता गोळ्या घेते. मी ओकिमोतोंना तिचा नंबर दिला, त्यांचं बोलणंही झालं. ते निघालेत."

मी कोतोहाला घट्ट धरलं, एवढं की ती "आई, दुखतंय" म्हणाली.

"आणि अंगठा?" मुरोता आजींनी पाटी पुढे केली.

"हात मोकळा होता कुठे!" काकांनी मातीत अंगठा घोळवला आणि सातव्या चौकटीत दाबला. मग शेवटच्या वाक्याखालच्या दोन रेघांवर बोट ठेवलं. "हे माझ्यासाठी लिहिलंय का?"

"हो," आजी म्हणाल्या.

"बरं केलंत," काका म्हणाले.

ओकिमोतो दुकानाला 'लवकरच येतो' अशी चिठ्ठी लावून दुपारच्या बोटीने गेले आणि पाचच्या बोटीने परतले. आम्ही दोघी धक्क्यावर होतो. त्यांनी पिशवी छातीशी धरली होती. मी वाकले, तेही वाकले, आणि आमची डोकी एकमेकांवर आपटली. कोतोहा इतकी हसली की तिला उचकी लागली.

"फेब्रुवारीपर्यंत पुरेल," कपाळ चोळत ते म्हणाले. "तोवर नवा माल आला तर उत्तम. नाही आला तर डॉक्टरांना औषध बदलायलाही वेळ मिळेल. आता घाई नाही, बाई."

त्या संध्याकाळी ओकिमोतोंनी बांधून दिलेल्या पुड्या कोतोहाने स्वतः खिशांत भरल्या. एकेका खिशात दोन दोन, जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून. शेवटचा खिसा भरल्यावर तिने पुडी न खाताच हात वर केले. "झालं!"

दुसऱ्या दिवशी मी आभाराचं पत्र लिहिलं. 'औषध मिळालं. आभार.' एवढंच. रेइजी म्हणाला, यात टेकडी कुठे आहे?

तेव्हापासून पाटीच्या शेवटी एक जास्तीचा कागद असतो. वर मुरोता आजींच्या अक्षरात एकच ओळ आहे: 'कुणाचं काय संपतंय?' मागच्या आठवड्यात त्याखाली बारीक, लाजरं अक्षर दिसलं: 'सातवं घर. डोळ्यांचे थेंब. दुकानात नाहीत. दहा दिवस.'

मी आधी ओकिमोतोंना फोन केला. मग कोतोहाचे बूट चढवले, पाटी काखेत मारली आणि आम्ही दोघी पुढच्या घराकडे पळत सुटलो.