पाच वाजता लागणारं दार

उल्रिकाच्या घरी पाच वाजता जेवण व्हायचं. पाच म्हणजे पाच. घड्याळाचा काटा जागेवर आला की तिची आई, सिग्रिडकाकू, जिन्याखालून हाक मारायच्या, "उल्रिका, जेवायला!" मग उल्रिका मला म्हणायची, "तू बस हं मारिता, मी आलेच," आणि धावत खाली जायची. मी तिच्या पलंगाच्या कडेला बसून राहायचे. जरा वेळानं काकू स्वतः वर यायच्या आणि माझ्याकडे न बघता खोलीचं दार बाहेरून ओढून घ्यायच्या. कडी लावायच्या नाहीत, नुसतं दार. पण तो आवाज मला आज अठ्ठावन्नाव्या वर्षीही ऐकू येतो आणि तळपायाची आग मस्तकात जाते.

आमच्या गावात तेव्हा ही रीतच होती. दुसऱ्याचं पोर खेळायला आलं असेल तर त्याच्या घरी त्याच्या वाटचे बटाटे शिजत असणार, त्याच्या आईनं रांधलेलं आपण कशाला वाया घालवायचं, असा विचार. विचार चांगलाच आहे. फक्त आमच्या घरी बटाटे शिजत नव्हते. वडील गोटेबोर्गला जहाजावर चढले ते परत आलेच नाहीत. आई, सिव्ह तिचं नाव, कागदाच्या कारखान्यात फरशा पुसायची, शनिवारीसुद्धा, आणि सातला घरी यायची. तोवर मला कडक राय-ब्रेडचा एक तुकडा आणि वर लोण्याऐवजी जेमतेम दिसेल इतकं स्वस्तातलं मार्गारिन. एरवी दुपारी शाळेत सगळ्यांना फुकट जेवण असायचं, तिथे मी तीन-तीनदा वाढून घ्यायचे. शनिवारी शाळा नसायची. शनिवारी मी उल्रिकाकडे जायचे.

पुढे मी त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागले आणि तेहतीस वर्षं राहिले. एकाही पोराला 'तू कितव्यांदा आलास' असं विचारलं नाही. एका मुख्याध्यापकानं एकदा विचारलं, तर मी हातातला डाव त्याच्यावर उगारला होता. त्यानंतर तो स्वयंपाकघराच्या वाटेला गेला नाही.

मला आयुष्यात एकाच गोष्टीचं उत्तर हवं होतं. सिग्रिडकाकूंना माहीत होतं का? मी वर उपाशी बसलेय हे ठाऊक असून त्या ते दार लावत होत्या का? काकू आता अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. दर हिवाळ्यात मला वाटायचं, ह्या आता जाणार आणि माझं विचारायचं राहूनच जाणार.

म्हणून तर मी गेली तीन वर्षं उल्रिकाच्या त्या कार्यक्रमाला जाते. नाहीतर मला काय हौस आहे? उल्रिका आता स्टॉकहोमची झाली आहे. परदेशी लोकांना गोळा करून आठवडाभर शिकवते, स्वीडिश माणसासारखं शांत, साधं, समाधानी कसं जगावं. शेवटच्या दिवशी सगळ्यांना आईच्या लाल घरात आणते, तळं दाखवते आणि घरचं जेवण घालते. ते घरचं जेवण मी करते.

या जूनमध्येही तिचा फोन आला. "अगं मारिता, तुझ्या हातच्या कोबीच्या गुंडाळ्या हव्यात. आठजण आहेत. फार गोड माणसं आहेत गं!"

"गोड असू दे नाहीतर कडू, बटाटे किती किलो ते सांग," मी म्हटलं.

सकाळी सहापासून मी काकूंच्या स्वयंपाकघरात उभी होते. कोबीची पानं वाफवली, खिमा-भात भरून गुंडाळ्या बांधल्या, लोण्यात परतल्या, शेपू घालून बटाटे उकडले. पोटात कॉफीशिवाय काही नव्हतं. काकू खिडकीशी बसून काठीवर हनुवटी टेकून माझ्याकडे बघत होत्या. दोनदा तोंड उघडलं मी. दोनदा मिटलं.

पाहुणे आले आणि लांब टेबलाभोवती बसले. उल्रिका त्यांना 'लागोम' समजावून सांगू लागली. म्हणजे ना कमी ना जास्त, प्रत्येकाला पुरेल इतकंच. पाहुणे माना डोलवत होते. चष्मा लावलेला एक तरुण वहीत सगळं टिपून घेत होता. मी रस्सा वाढत होते आणि मनात म्हणत होते, ज्याचं ताट भरलेलं आहे त्याला 'जास्त नको' म्हणायला काय जातं?

तेवढ्यात पोर्तुगालहून आलेल्या एका बाईनं भीतभीत विचारलं, "मी असं ऐकलंय की, तुमच्याकडे मुलांच्या मित्रांना जेवायला देत नाहीत? खरं आहे का हो ते?"

उल्रिका खळखळून हसली. "पूर्वी होतं तसं! पण त्यात वाईट काही नव्हतं. उलट तो मान होता. दुसऱ्याच्या आईच्या स्वयंपाकाचा मान. कुणाला कुणाचं मिंधं करायचं नाही. माझीच एक मैत्रीण होती ना, मी जेवून येईपर्यंत वर बसून कॉमिक वाचायची. मजेत असायची अगदी!"

मी तिच्यामागेच उभी होते. हातात बटाट्यांचं भांडं. मी ते टेबलावर असं आदळलं की एक बटाटा उडून त्या तरुणाच्या वहीवर पडला.

"ती मैत्रीण मी," मी म्हटलं. "आणि मी कॉमिक वाचत नव्हते. अगं, ते कॉमिक मला पाठ होतं, वाचायचं काय त्यात? खालून काट्या-सुऱ्यांचा आवाज यायचा, तो ऐकत बसायचे. आवाज थांबला की कळायचं, संपलं, आता काही उरलं नसणार."

"मारिता, आत्ता नको ना," उल्रिका कुजबुजली.

"आत्ता नको तर कधी? तुझ्या पुढच्या वर्षीच्या पाहुण्यांसमोर?" मग मी त्या तरुणाकडे वळले. "थांबलास का रे? लिही की. मारिता, वय वर्षं आठ, पोट रिकामं. आमच्याकडून शिकायला आलास ना? मग हेही घेऊन जा!"

कुणी हललं नाही. आमच्या देशात जेवणाच्या टेबलावर कुणी ओरडत नाही, हे त्यांना चार दिवसांपूर्वीच शिकवलेलं असणार.

काकूंनी काठी जमिनीवर आपटली. "उल्रिका, सगळ्यांना तळ्यावर घेऊन जा."

"आई, अजून गोड राहिलंय..."

"गोड तळ्यावर खा. नीघ."

खुर्च्या सरकल्या, केक गेला, माणसं गेली. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच उरलो.

"विचार," काकू म्हणाल्या.

"काय विचारू?"

"जे विचारायला तीन वर्षं माझ्या घरी येऊन बटाटे उकडतेस, ते."

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

'नाही' म्हणतील अशी मी तयारी करून ठेवली होती. 'नाही' म्हटल्यावर काय-काय सुनवायचं ते पन्नास वर्षं घोकलं होतं. या एका शब्दापुढे त्यातलं काहीच चालेना.

"पहिल्या शनिवारी मी तुला जेवायला घातलं होतं," काकू म्हणाल्या. "सॉसेज आणि मॅकरोनी. तुला आठवत नसेल. चारदा घेतलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी आई दारात हजर. हातात लिंगनबेरीच्या मुरंब्याची बरणी. म्हणाली, हे कालच्या जेवणाबद्दल. मी म्हटलं, अगं सिव्ह, वेडी आहेस का? आत ये, चार घास खा. तर म्हणाली, 'मी घरून जेवून आलेय.' चौकट धरून उभी होती. सोडली असती तर पडली असती."

मी टेबलावरचा तो उडालेला बटाटा उचलून बाजूला ठेवला.

"मग म्हणाली, मारिताला पुन्हा जेवू घालू नका. गावात बोभाटा झाला की सिव्हची पोर दुसऱ्याकडे चार-चारदा वाढून घेते, तर नगरपालिकेच्या बाया येतील आणि पोर उचलून नेतील. नदीपलीकडच्या दोन भावंडांना नेलंच होतं त्या वर्षी. म्हणाली, 'शब्द द्या. नाहीतर तिला मी तुमच्याकडे पाठवणारच नाही.' मी दिला शब्द. हिवाळा होता मारिता. इथे निदान शेगडी पेटलेली असायची."

"आणि दार? दार कशाला लावायचात?"

काकू काठीच्या मुठीकडे बघत म्हणाल्या, "कांदा परतला की वास जिन्यानं वर चढायचा. तेवढा अडवणं माझ्या हातात होतं."

खरं तर मला रडू यायला हवं होतं. नाही आलं. मी आणखीनच भडकले. "मग चोरून द्यायचंत! माझ्या कोटाच्या खिशात एक पाव कोंबला असता तर कुणाला कळणार होतं? तुम्ही दोघी उंबरठ्यावर उभ्या राहून आपापला मान सांभाळत बसलात, आणि मी वर काट्यांचे आवाज ऐकत होते!"

"शब्द दिला होता मी."

"आठ वर्षांच्या पोरीच्या पोटापेक्षा शब्द मोठा?"

"तेव्हा वाटला," काकू म्हणाल्या. "आता नाही वाटत. फार वर्षं झाली, नाही वाटत."

आई जाऊन एकोणीस वर्षं झाली. तिच्याशी भांडायला मी आता कुठे जाणार होते? ती मला दर शनिवारी रात्री विचारायची, "उल्रिकाकडे मजा आली?" आणि मी 'हो' म्हणायचे. तिला सगळं ठाऊक होतं आणि तरी ती विचारत होती. मला तिचा राग आला आणि तितकीच कीव आली. मी टेबलावरची ताटं खडाखड एकावर एक रचू लागले.

"तू जेवलीस?" काकूंनी विचारलं.

"हो, मी घरून जेवून आलेय."

विचार करण्याआधीच निघून गेलं तोंडातून. आईचं वाक्य, आईच्याच आवाजात. आम्ही दोघींनी ते ऐकलं. ताट माझ्या हातात तसंच राहिलं.

काकू टेबलाला धरून उठल्या. मला वाटलं पडतात, पण मी पुढे झाले तर काठीनं मला बाजूला सारलं. शेगडीजवळ जाऊन तीन गुंडाळ्या काढल्या, बटाटे काढले, रस्सा सांडत-सांडत घातला, आणि ताट टेबलावर ठेवलं. मग काठीनंच खुर्ची माझ्याकडे ढकलली.

"सिव्हला मी त्या दारातून जाऊ दिलं," त्या म्हणाल्या. "तू बस."

मी बसले. रागातच जेवले. बटाटे थंड झाले होते, रस्सा जास्त खारट होता, माझाच. संपल्यावर त्यांनी काही न विचारता पुन्हा वाढलं. मग पुन्हा.

बाहेर पावलं वाजली. उल्रिका पुढे, मागे तिचे आठ पाहुणे, तळ्यावरच्या वाऱ्यानं गारठलेले. तिनं स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि आत पाऊल टाकणार, तोच काकूंनी काठी उचलली.

"थांबा सगळे तिकडेच," काकू म्हणाल्या. "आणि दार लावून घे. मारिता जेवतेय."

उल्रिकानं आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग तिनं बाहेरून दार ओढून घेतलं.